बायकांच्या आजारांचं संशोधन कुणी करायचं? बाहेरच्या तज्ज्ञांनी की त्याच बायकांनी?

बांधावरची

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर मी बीड जिल्ह्यात काम करते. गेल्या दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघायच्या आधी, एका संशोधन संस्थेची मुलंमुली टॅब घेऊन आमच्या वस्त्यांवर आली. विषय होता स्त्रियांचं लैंगिक आणि प्रजनन आरोग्य. पाळी नियमित येते का, अंगावरून पांढरं जातं का, नवरा निरोध वापरतो का, पिशवी (गर्भाशय) काढली आहे का, काढली तर कितव्या वर्षी. बायकांनी उत्तरं दिली, मुलं गेली. त्या उत्तरांचं पुढे काय झालं ते एकीलाही कळलेलं नाही.

नंतर गटात बसून बोललो, तेव्हा बायकांच्या लेखी जे सगळ्यात मोठं होतं ते त्या यादीत नव्हतंच असं दिसलं. पिशवी काढायला पैसे कुणी दिले? मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, दिले असतील तर ते उचलीत (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांत) धरले का, आणि ते फिटेपर्यंत किती हंगाम जावं लागलं? अंगावर फार जात असतानाही खाडा (चुकलेल्या दिवसाचा दंड) लागू नये म्हणून फडात उतरलात का? रात्री खोपीत नवऱ्याला नको म्हणता येतं का, म्हटलं तर काय होतं? त्या दवाखान्यात तुम्हाला पहिल्यांदा कुणी नेलं?

उचल आणि खाडा हे बाहेरच्या संशोधकाला मजुरीचे विषय वाटतात. फडात राबणाऱ्या बाईच्या लेखी तिची पिशवी आणि तिची उचल एकाच वहीत असते.

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर ओरड झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा निघाला हे फार बरं झालं, त्याने सरकारला हलवलं. पण त्यातून आपल्याला शस्त्रक्रिया मोजता येतात, त्या घडवणारा व्यवहार दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडते. लैंगिक आरोग्याच्या कुठल्याही पाहणीत प्रश्न ठरवायला त्याच बायका हव्यात, विचारायलाही त्यांच्यातल्याच हव्यात, आणि निष्कर्ष आधी वस्तीवर वाचून दाखवावेत, मग मुंबई-दिल्लीला न्यावेत. तज्ज्ञ हवेतच, पण मदतीला. विरोधी मतं अवश्य लिहा, मला ती ऐकायची आहेत.

नमुनानिवड

ताई, तुमचे प्रश्न त्या संस्थेच्या प्रश्नांपेक्षा चांगले आहेत, हे आधी मान्य करतो. तरीही तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

या विषयातलं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोलाचं काम आठवा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेका बाईला सरासरी ३.६ आजार होते, आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुटुंबनियोजनापलीकडे खेड्यातल्या बाईचं आरोग्य असतं, हे जगाला मान्य करावं लागलं. का करावं लागलं? तपासणारी स्त्रीरोगतज्ज्ञ होती, प्रयोगशाळा होती आणि पद्धतीत बोट ठेवायला जागा नव्हती म्हणून. बायकांनी स्वतः सांगितलेल्या तक्रारींवर थांबले असते तर अर्ध्याच्या आसपास स्त्रियाच आजारी ठरल्या असत्या. बाकीच्यांना तक्रार नव्हती, आजार होता.

तुमचा अहवाल कुणाच्या विरोधात जाणार आहे? मुकादम, कारखाने, खासगी दवाखाने. ते त्याच्यावर तुटून पडतील आणि पहिला प्रश्न विचारतील की या बायका कुणी निवडल्या. ‘आमच्या गटातल्या’ हे उत्तर दिलंत की अहवाल तिथेच संपला. मुकादम दोषी आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याने मुकादमाबद्दल प्रश्न लिहू नयेत.

कृष्णाकाठ

नमुनानिवड, गडचिरोलीचा अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. ते डॉक्टर पाहणीपुरते गावात गेले नव्हते, तिथेच राहत होते, लोकांशी आधी बोलणं झालं होतं. तपासणीसाठी मेजावर झोपायला त्या काळातली गावातली बाई तयार झाली, ती प्रयोगशाळेकडे बघून नव्हे. तुमच्या निर्दोष पद्धतीच्या आधी तेवढा विश्वास कमवावा लागतो.

मी सांगली भागातला आहे, म्हणून आमच्याकडचं उदाहरण देतो. १९८६ मध्ये भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात. ते नमुने पकडून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे होते. शोध मोठा होता, देश त्यामुळे वेळेवर जागा झाला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण त्यानंतर कित्येक वर्षं या स्त्रिया म्हणजे रोगाचं उगमस्थान, एवढीच त्यांची ओळख संशोधनात राहिली. त्यांच्याकडून रक्त घ्यायचं, मत घ्यायचं नाही.

१९९२ पासून सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने उलट बाजूने सुरुवात केली. निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते न पाठवता त्याच वस्तीतल्या स्त्रिया पुढे आल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढे सुटकेच्या नावाखाली पडणारे छापे सुरू झाले, तेव्हा छाप्यात उचलल्या गेलेल्या स्त्रियांचं नंतर काय झालं, हे शोधायचं याच मंडळींना सुचलं. आपल्या मर्जीने या कामात असलेल्या प्रौढ स्त्रियांनाही उचलून डांबलं जातं, हे त्यातून पुढे आलं. एखाद्या विद्यापीठाला हा प्रश्न सुचला असता असं मला वाटत नाही.

यात त्यांचा हितसंबंध होता का? होता. छापे टाकणाऱ्या संस्थांचा नव्हता? निधी देणाऱ्यांचा नसतो? वस्तीतली बाई आपला हितसंबंध उघड सांगून बसते, म्हणून फक्त तिचाच दिसतो.

माहेर पाटोदा

मी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

आमच्या गावची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, माझी चुलत जाऊ आहे. स्वभावाने चांगली आहे, कामाला प्रामाणिक आहे. तरी मला त्रास झाला तेव्हा मी तिला सांगितलं नाही. गावात नाही, पाटोद्याला नाही, बीडला जाऊन दाखवलं आणि तिथेही नाव माहेरचं लावलं. नवऱ्यापासून आलेलं होतं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हे मी भावकीतल्या बाईला कसं सांगू? तिच्या तोंडून गेलं नाही तरी माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यात ते असणार, आणि चुलीपाशी आम्ही रोज समोरासमोर.

ते टॅबवाले परके होते. एका पोरीला मी सगळं खरं सांगितलं, कारण ती संध्याकाळी निघून जाणार होती आणि मला पुन्हा कधी दिसणार नव्हती.

‘त्यांच्यातल्याच बायका’ म्हणताना तुम्ही धरून चालता की आम्ही सगळ्या एक आहोत. गावात सवर्णांची गल्ली वेगळी, आमची वेगळी. सासू आणि सून एकाच गटात असते. सासूसमोर कुठली सून खोपीतलं बोलेल?

ग्रामीण डॉक्टर

पाटोद्याच्या ताईंनी लिहिलं ते मी ओपीडीत रोज बघतो. बाहेरगावचे पत्ते, खोटी नावं, ‘मैत्रिणीला त्रास आहे’.

वैद्यकीय बाजूने एक मुद्दा मांडतो, जो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,४९४ स्त्रियांची पाहणी केली, नमुने प्रयोगशाळेत तपासले. प्रजननमार्गाचा संसर्ग निघाला २८.३ टक्के स्त्रियांमध्ये, आणि त्यातही शरीरसंबंधातून पसरणारे आजार थोडे, बाकीचे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडून होणारे. त्याहून महत्त्वाचं असं की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ बायकांमध्ये संसर्ग सापडत नव्हता. त्या तक्रारीचा संबंध उदासी, चिंता, थकवा आणि घरातली कोंडी यांच्याशी जास्त जुळला.

आता बघा. गडचिरोलीत तक्रार नाही पण आजार आहे, गोव्यात तक्रार आहे पण जंतू नाही. म्हणजे नुसतं विचारून संसर्ग मोजता येत नाही, हे नमुनानिवड यांचं म्हणणं बरोबर. पण नुसत्या प्रयोगशाळेने काय हाती लागलं असतं? ‘जंतू नाही, बाई निरोगी’ अशी नोंद होऊन ती घरी गेली असती. आपल्याकडे तर त्याहून वाईट होतं. पांढरं जातं म्हटलं की लक्षणावरून औषधाचं पाकीट हातात. पुन्हा आली की पुन्हा पाकीट. आणि तिसऱ्यांदा आली की एखादा सर्जन म्हणतो, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाक. तिशीतल्या बाईची. बीडमधल्या कित्येक शस्त्रक्रियांची वाट अशीच गेली आहे, असं माझं अनुभवावरून मत आहे. तिला दुखत होतं हे खरं, पण ते गर्भाशयात होतं असं कुणी ठरवलं?

हा प्रश्न सोडवायला स्लाइड (प्रयोगशाळेत तपासायचा नमुना) हवी आणि तिच्या दिवसाची हकिकतही हवी. पहिली मी आणू शकतो. दुसरी मला ती ओपीडीतल्या दोन मिनिटांत सांगत नाही.

सिडनीकर

नमुन्याबद्दल थोडं. इथे सिडनीत समलिंगी पुरुषांची पाहणी १९९६ पासून सातत्याने होते. विद्यापीठ आणि समलिंगी समाजाच्या संघटना मिळून ती करतात. समाजाचेच स्वयंसेवक जत्रेत, बारमध्ये, दवाखान्यात प्रश्नावल्या भरून घ्यायचे. नमुना यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावा तसा) नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तीच पद्धत वर्षानुवर्षं वापरल्यामुळे वागण्यात काय बदलतंय ते दिसतं, आणि सरकार त्यावर धोरण ठरवतं. परिपूर्ण नमुना मिळत नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

नमुनानिवड

सिडनीकर, त्या पाहणीमागे विद्यापीठ आहे, हे विसरू नका. बदल मोजायला तशी पद्धत चालेल, एकूण प्रमाण काढायला चालणार नाही.

पाटोद्याच्या ताईंसाठी मात्र मला काही सुचवायचं आहे. कर्नाटकात एचआयव्हीच्या कामात मतपेटी पद्धत वापरली गेली. बायका एका खोलीत बसतात, पण प्रत्येकीपुढे आडोसा असतो, मतदानाला असतो तसा. प्रश्न मोठ्याने वाचला जातो, प्रत्येकजण हो-नाहीची चिठ्ठी आपल्या पेटीत टाकते. नाव कुठेही नाही. कुणाचं उत्तर काय ते वाचणारीलाही कळत नाही, गटाचा आकडा तेवढा कळतो. समोरासमोरच्या मुलाखतीत जे लपतं ते या पद्धतीत जास्त बाहेर आलं. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी रंगीत चिठ्ठ्या. सासू शेजारी बसली तरी सुनेची चिठ्ठी सुनेचीच.

बांधावरची

पाटोद्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत त्यावर मी दोन दिवस गटात बोलले. विचारणारी बाई भावकीतली नको, गावातलीही नको, हे सगळ्यांनी उचलून धरलं. पण ऊस तोडलेली हवी, यावरही सगळ्या ठाम आहेत. म्हणजे शिरूर कासारच्या बायकांनी पाटोद्यात विचारावं आणि पाटोद्याच्यांनी धारूरला. खाडा म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागणार नाही, आणि संध्याकाळी ती निघून जाईल. जातीचा मुद्दाही तुम्ही नेमका मांडलात. गट नेमताना कुठल्या वस्तीतून किती जणी, हे आधी लिहून ठरवायला हवं.

नमुनानिवड, मतपेटी मला पटली. यादीतून गावं आणि घरं तुम्ही निवडा, आमच्या गटातल्या बायका मुद्दाम घालणार नाही. मुकादमाबद्दलचे प्रश्न तुम्ही तपासा, उत्तर सुचवणारा शब्द दिसला तर खोडा. पण प्रश्न काढून टाकायचा नाही. उचलीचा प्रश्न राहील.

नमुनानिवड

राहू द्या. आता माझा अडलेला मुद्दा. निष्कर्ष आधी वस्तीवर वाचायचे म्हणता. समजा असं निघालं की पैसे मुकादमाने क्वचितच दिले, घरच्यांनीच दागिने मोडून शस्त्रक्रिया करवल्या. गटाला ते छापणं थांबवता येईल का? माझ्या मते येता कामा नये. यावर तडजोड नाही.

बांधावरची

थांबवता येणार नाही, लिहून देते. पण आधी कळलं पाहिजे, यावर माझीही तडजोड नाही. २०१९ मध्ये बातम्या आल्या, तेव्हा ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं’ अशी ओळख झाली. गावांची नावं छापली गेली. त्या गावांमधल्या बायकांना आपल्याबद्दल काय छापलं गेलंय ते पाहुण्यांकडून कळलं. गावाचं नाव जाणार की नाही, एवढं ठरवायचा हक्क त्यांचाच आहे.

माहेर पाटोदा

चिठ्ठीवाली रीत चालेल मला. पण गावात पेटी उघडू नका. एका वस्तीतल्या आठच बायका असतील आणि आठही चिठ्ठ्या ‘हो’ निघाल्या, तर नाव नसूनही सगळ्यांचं नाव झालंच की. दहा गावांच्या एकत्र करा, मग मोजा.

ग्रामीण डॉक्टर

ताई, हे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीतल्या माणसांनाही पटकन सुचत नाही. बांधावरची, हे लिहून घ्या.

आणि पैशांचं कलम आत्ताच घाला. विचारणाऱ्या बायकांना पूर्ण मजुरी, उत्तर देणारीचा दिवस बुडत असेल तर तिलाही. आशाताईंना राबवतो तसं तुटपुंज्या मोबदल्यावर राबवणं नको. पाहणीत ज्यांना आजार निघेल त्यांच्या उपचाराचा खर्चही प्रस्तावातच हवा, नाहीतर माझ्याकडे पाठवायला चिठ्ठी असेल आणि द्यायला औषध नसेल. सोनोग्राफी आणि स्लाइड तपासायला महिन्यातून चार दिवस मी देईन. हंगाम संपून टोळ्या परतल्या की सुरू करा. फडावर असताना तपासायला गेलात तर त्या दिवसाचा खाडा तिच्याच नावावर पडेल.