मावशी मेलबर्नमध्ये, कालच्या भटकंतीबद्दल आमच्या घरच्या ग्रुपवर

मोठी मावशी: काल आम्ही दोघंच गेलो होतो सिटीत, मुलगा सून दोघंही ऑफिसला. दोन आठवडे शनिवारची वाट बघत घरात बसलो होतो, म्हटलं पुरे. ग्लेन वेव्हर्लीवरून ट्रेन पकडली, ट्रेन-ट्रॅमचं मायकी कार्ड टच केलं आणि थेट फ्लिंडर्स स्ट्रीट

धाकटी मावशी: ताई एकट्याच?? चुकला असतात म्हणजे

मोठी मावशी: अगं चुकायला काही नाहीच, ट्रेन तिथेच जाऊन थांबते. आणि सिटीच्या मधल्या भागात ट्रॅम फुकट आहे, कार्डसुद्धा लावायचं नाही, फक्त हद्द संपायच्या आधी ट्रॅममध्ये सांगतात तेवढं कान देऊन ऐकायचं कारण पुढे गेलात की तिकीट लागतं

वहिनी: मार्केट कुठलं ते, फोटोत आंबे दिसतायत 😍 डिसेंबरात आंबे?

मोठी मावशी: क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. 1878 पासूनचं आहे, लांबच लांब पत्र्याच्या शेड्स, आपल्या मंडईसारखे ओरडून भाव सांगतात, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. इकडे आत्ता उन्हाळा ना, म्हणून क्वीन्सलँडचे आंबे, केन्सिंग्टन प्राइड म्हणतात. रेषा आहेत जरा पण रात्री आमरस केला तर नातवाने दोन वाट्या खाल्ला. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं हां, आम्ही गुरुवारी गेलो म्हणून मिळालं

मोठी मावशी: मग लायब्ररी. ती मात्र मी सगळ्यांना सांगणार, स्टेट लायब्ररी, आत जायला पैसे नाहीत. मधली खोली आठ कोनी, वर केवढा तरी मोठा घुमट, 1913 सालचा, आणि खाली मधोमध टेबलापासून किरणांसारख्या अभ्यासाच्या रांगा. लिफ्टने वर जाऊन खाली बघितलं, दोनशे पोरं असतील नसतील पण पानाचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता. मी अर्धा तास तिथून हललेच नाही, हेच म्हणाले चल आता. इथला तो जुना दरोडेखोर नेड केली, त्याचं लोखंडी चिलखत पण तिथेच आहे, गोळ्यांचे पोचे दिसतात त्यावर. 1880 मध्ये फाशी दिलं त्याला

दादा: मावशी काका एमसीजीला, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट ग्राउंडवर, गेले की नाही ते सांग आधी

मोठी मावशी: गेलो ना, नदीच्या कडेने चालत, मग विल्यम बराक पूल ओलांडून, गुडघे दुखले पण ह्यांना थांबवेल कोण. मॅच नसेल तेव्हा टूर असते, आमचे गाईड ह्यांच्याच वयाचे. इंडिया म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं ते रहाणेचं

मामा: घेणारच! त्याच ग्राउंडवर 2014 ला 147 रन आणि 2020 ला 112. त्याआधी अॅडलेडला 36 वर आपला डाव आटोपला, कोहली घरी परत, आणि पुढच्याच टेस्टला हा कॅप्टन म्हणून उभा राहिला आणि 8 विकेटने जिंकली. तिथल्या बॉक्सिंग डे टेस्टच्या सामनावीराला देतात ते मलघ मेडल पण पहिलं त्यालाच, 1868 च्या अॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या टीममधल्या जॉनी मलघच्या नावाचं. मी पहाटे पाचला उठून बघत होतो ती मॅच, ताई तुला आठवत असेल

मोठी मावशी: आठवतं रे. शतक करणाऱ्यांची नावं लिहितात त्या बोर्डाविषयी गाईड सांगत होते तेव्हा हे बोललेच नाहीत, नुसती चष्म्याची काच पुसत होते. डोंबिवलीच्या मैदानावरून सुरू झालेला मुलगा तो, आणि इथे एवढ्या लांब त्याचं नाव लिहिलेलं

मामा: भावजींना फोन करतो रात्री. तुमच्याकडे किती वाजलेले असतील

मोठी मावशी: साडेपाच तास पुढे आहोत आत्ता, तू संध्याकाळी सहाच्या आतच कर

धाकटी मावशी: ताई मी पण जानेवारीत आले की हे असंच करणार, भाच्याच्या सुट्टीवर नाही बसायचं. कपडे काय आणू, गरम असेल ना

मोठी मावशी: गरम असतंच, कधी चाळीसच्या वर जातं पण दुपारी वारा फिरला की तासाभरात स्वेटर लागतो. काल सकाळी घाम, चारला मी ह्यांची शाल पांघरून बसले होते. छत्री आणू नकोस, वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जॅकेट आण. आणि गोडा मसाला आणशील तर विमानात जे कार्ड देतात त्यावर खाण्याच्या वस्तूंपुढे सरळ हो लिही, लपवू नकोस काही, आमची पिशवी उघडून बघितली आणि परत दिली. अर्धा किलो आण, सुनेलाही हवाय