मदत हवी आहे: बिल्ड लावला की लॅपटॉप गुडघे टेकतो, जास्त कोअर घेऊन फरक पडेल का?

सातारी_कोडर:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरून अँड्रॉइडचं काम करतो. लॅपटॉप २०१८ चा, इंटेल आय-५ ८२५०यू, ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), रॅम ८ जीबी, एसएसडी आहे. एका वेळी अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन), डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) डॉकर (त्यात बॅकएंडचा डेटाबेस), क्रोमचे वीसेक टॅब, वर टीमचा कॉल. बिल्ड (कोडपासून चालणारं अ‍ॅप तयार करणं) लावला की माऊससुद्धा अडखळतो, माझा आवाज तुटतो आणि पलीकडून "हॅलो, गेला का हा?" सुरू होतं. बिल्डला ६-७ मिनिटं.

दुकानदार म्हणतो, "१० कोअरचा घ्या, लोण्यासारखा चालेल." तो आय-५ १२३५यू, पण रॅम ८ जीबीच, तीही सोल्डर केलेली (बोर्डावर पक्की, बदलता न येणारी). दुसरा रायझन ७ ५८२५यू, ८ कोअर, १६ जीबी, पण महाग. दहा आठापेक्षा जास्तच ना? की यात काही गोम आहे?

दुपारचा_चहा:
गोम आहे. १२३५यूच्या १० पैकी २ कोअर दणकट, ८ कमी वीज खाणारे. एकूण थ्रेड १२. ५८२५यूचे आठही कोअर एकसारखे, थ्रेड १६. पण थांबा, आधी टास्क मॅनेजर उघडून बिल्ड लावा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क काय दाखवतात ते इथे टाका.

सातारी_कोडर:
लाजिरवाणं आहे. मेमरी ९७ टक्के, डिस्क १००, आणि सीपीयू जेमतेम ४५! व्हीएममेम नावाचं काहीतरी ३ जीबी धरून बसलंय.

दुपारचा_चहा:
तेच तुमचं डब्ल्यूएसएल. मोकळं सोडलं तर निम्म्यापर्यंत रॅम घेतं, कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घाला. रॅम संपली की विंडोज एसएसडीवर मेमरीची पानं टाकत-उचलत बसतं आणि कोअर रिकामे वाट बघतात. शेगड्या चाराच्या दहा केल्या तरी ओटा तेवढाच! ८ जीबीचा नवा लॅपटॉप घेऊ नका. मागचं झाकण उघडून रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघा.

लिंकर_एरर:
सहमत, पण कोअरना अगदीच मोडीत काढू नका. कॉल, एमुलेटर, डेटाबेस ही वेगवेगळी कामं, ती वेगळ्या कोअरवर खरंच सुखाने चालतात. एकट्या बिल्डचं तसं नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालचा १९६७ चा युक्तिवाद: कामाचा २० टक्के भाग एकामागून एकच होणार असेल, तर ८ कोअरवर वेग फार तर ३.३ पट, आणि कितीही कोअर लावा, ५ पटीच्या पुढे नाही. ग्रेडलचा (अँड्रॉइडचा बिल्ड करणारं साधन) पॅरलल पर्याय मॉड्यूलमागे (कोडचे वेगळे तुकडे) काम वाटतो. सगळा कोड एकाच 'अ‍ॅप' मॉड्यूलमध्ये कोंबलाय का?

सातारी_कोडर:
कोंबलाय. पाच वर्षांचा संसार आहे तो. :)

लिंकर_एरर:
मग रायझनच्या १६ थ्रेडपैकी बरेच माश्या मारतील. नेटवर्कचा आणि डेटाचा भाग तरी वेगळा काढा. आणि ग्रेडलचे वर्कर (एका वेळी काम करणारे हात) मुळात थ्रेडइतके असतात, तुमच्याकडे ८. ते ६ वर आणा, कॉलला श्वास घ्यायला जागा राहील. बिल्ड किंचित लांबेल, पण "गेला का हा?" थांबेल.

सातारी_कोडर:
अपडेट: स्लॉट रिकामा होता! ८ जीबीची काडी टाकली, डब्ल्यूएसएलला ४ जीबीची मर्यादा, वर्कर ६. माऊस अडखळत नाही, काल पूर्ण कॉल बिल्ड चालू ठेवून केला. वेळ साडेचार मिनिटं. आता सीपीयू ९० च्या वर जातो, पंखा मात्र विमान उडवतो.

म्हणजे आता कोअर खरंच कमी पडतायत. रायझन दिवाळीपर्यंत लांबवतो, तोवर मॉड्यूल फोडायला घेतो. लिंकरभाऊ, डेटाबेसचा भाग आधी काढू की नेटवर्कचा? दोन्ही एकमेकांत गुंतलेत.