वादक 'लावून' आला तर रेकॉर्डचं बटण दाबायचं का?

दोन_खोल्या_स्टुडिओ:

माझा पुण्यात छोटा स्टुडिओ आहे, दोन खोल्या, एक बूथ (गायक-वादकांसाठी काचेआडची बंद खोली), आणि एक एसी जो टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करावा लागतो एवढा घरघरतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमची सुगी, भक्तिगीतं, मंडळांची गाणी, नेत्याचं एखादं गाणं, सगळं याच दिवसांत येतं. तर गेल्या महिन्यात चारची शिफ्ट होती, ढोलकीवाले दादा साडेपाचला आले, तोंडात बडीशेप, डोळे लाल, आणि दारातूनच "मालक, चहा सांगा" एवढं मोठ्याने की बूथमधल्या गायिकेने हेडफोन काढून बघितलं.

आता गंमत ऐका. माणसाने खाली बसून हातोडीने दोन मिनिटांत ढोलकी काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) चढवली, ट्यूनर लावून बघितलं, सुईसुद्धा हलली नाही. मला वाटलं, चला, हात शाबूत आहे. क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) दिला १०४ चा, म्हणजे मिनिटाला १०४ ठोके. पहिलं कडवं ठीक. अंतऱ्यानंतर गडी मागे मागे सरकायला लागला, आणि तोडा आला की क्लिकच्या पुढे पळायचा. मग "क्लिक ऐकू येत नाही, वाढव". वाढवला. "अजून". तिसऱ्यांदा वाढवल्यावर त्याच्या हेडफोनमधला क्लिक ढोलकीच्या माइकमध्ये टकटक ऐकू यायला लागला. मधे एकदा हवा खायला गच्चीवर पाठवलं, परत आला तर अजूनच चढलेली. १९ टेक झाले, आणि विसाव्याला म्हणतो काय तर "मालक, तुमचा क्लिक चुकतोय".

पुढच्या दोन रात्री मी एडिटिंगला बसलो. पखवाज-ढोलकी ज्यांनी एडिट केलीये त्यांना माहितीये, शाईच्या बाजूची थाप कापून पुढेमागे करता येते, पण धुमचा (दुसऱ्या, खर्जाच्या बाजूचा) घिस्सा, म्हणजे हात घासून काढलेला लांब आवाज, दोन थापांच्या मधून वाहत असतो, तो कापला की ढोलकी मरते, पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. गायकाला काही कळलं नाही, मंडळाला तर नाहीच नाही, पण ते गाणं चौकात वाजलं की मला तिथे उभं राहवत नाही.

तेव्हापासून स्टुडिओत नियम केलाय: वास आला तर रेकॉर्डिंग नाही. अर्ध्या शिफ्टचे पैसे हातात, रिक्षाचे वेगळे, आणि घरी. यावरून आमच्या सर्कलमध्ये दोन-तीन जण माझ्याशी बोलायचे बंद झालेत. माझं चुकलं का?

थापतोडा:

चुकलं. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी २५ वर्षं लोककलेच्या पार्ट्यांत वाजवतोय. ज्या माणसाने आयुष्यभर नाचणारीचे पाय बघून वाजवलं त्याच्या कानात तुम्ही टिकटिक घालता आणि तो हलला की दारूवर बिल फाडता. फडावर लय गाण्याबरोबर श्वास घेते, तोडा चढतोच, चढायलाच पाहिजे, त्याशिवाय शिट्टी येत नाही. तो "मागेपुढे" झाला असं तुम्ही म्हणता, मी म्हणतो क्लिक जागचा हलत नव्हता.

दुसरं म्हणजे हा वासाचा नियम कोणाला लागणार ते आधी सांगा. मोठे गायक येतात, सोबत बाटली येते, रेकॉर्डिस्टच ग्लास पुसून देतो, हे मी डोळ्याने बघितलंय. गायकाने सिंगल माल्ट घेतली की मूड, वादकाने चपटी मारली की बेवडा. तुमच्या नियमाने आजवर किती गायक घरी गेले?

दोन_खोल्या_स्टुडिओ:

@थापतोडा गायक एकही नाही, खोटं कशाला बोलू. पण माझ्याकडे बाटली आणणारा गायक येतच नाही हो, माझ्याकडे येणारे खिशात हॉल्सची गोळी घेऊन येतात.

फेडर_खाली:

धागाकर्त्याशी सहमत, आणि क्लिकवाल्या मुद्द्याशी निम्मा सहमत. पण "क्लिक वाढव, अजून वाढव" हे जे लिहिलंय ना, ते क्लिकचं वावडं असणाऱ्याचं लक्षण नाही. क्लिक आवडत नाही तो माणूस म्हणतो कमी कर. दारूने कान बोथट होतो, आवाज कमी वाटतो, म्हणून पिऊन आलेला प्रत्येक जण हेडफोन वाढवायला सांगतो. गायक असेल तर आणखी घोळ, स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून ढकलून गातो, घसा आधीच कोरडा पडलेला असतो, तासाभरात आवाज बसतो. गांजावाल्यांचा प्रकार वेगळा, त्यांना वेळच लांबलेली वाटते, चार मात्रांचा गॅप त्यांना आठचा वाटतो आणि प्लेबॅकला स्वतःच्या टेकवर स्वतःच फिदा. दुसऱ्या दिवशी तोच टेक ऐकवा, चेहरा बघण्यासारखा असतो.

पण धागाकर्ते, एक गोष्ट चुकलीच तुमची. गच्चीवर पाठवलंत?? एकट्याला?? १९६७ च्या मार्चमध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या जॉन लेननने चुकून एलएसडी (भ्रम होणारं नशेचं द्रव्य) घेतली होती, निर्माता जॉर्ज मार्टिनला वाटलं याला बरं वाटत नाहीये, म्हणून बिचारा चांगल्या मनाने मोकळी हवा खायला छतावर घेऊन गेला. बाकीच्यांना कळल्यावर ते धावत वर गेले. समोरच्याने काय घेतलंय ते आपल्याला कधीच नक्की माहीत नसतं. गच्चीला कुलूप लावा आधी.

काळी_पाच:

कोणीतरी हा किस्सा काढायलाच हवा. जुने गायक-नट सैगलसाहेब पिऊनच गायचे, पेगला त्यांनी नावच ठेवलं होतं काळी पाच. १९४६ च्या 'शाहजहाँ' सिनेमाच्या वेळी संगीतकार नौशाद म्हणाले, एकदा न पिता गाऊन बघा, मग हवं तर पिऊन गा, दोन्ही ऐकू. 'जब दिल ही टूट गया' दोन्ही प्रकारे झालं, आणि ऐकल्यावर सैगलना स्वतःलाच न पिता गायलेलं आवडलं. नौशाद हे नंतर कितीदा तरी सांगायचे. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेलेसुद्धा, वय ४२.

यात मला नौशादची हुशारी दिसते. त्यांनी भाषण दिलं नाही, वासाचा नियम लावला नाही, दोन टेक समोर ठेवले.

थापतोडा:

@काळी_पाच किस्सा मस्त आहे, मलाही आवडतो. पण त्याआधी दहा-बारा वर्षं जे गायले, ज्याच्यावर अख्खा देश वेडा झाला, ते काय ताक पिऊन गायले का? एक गाणं कोरड्याने चांगलं झालं म्हणून आधीची सगळी वाईट ठरत नाहीत.

काळी_पाच:

वाईट कोण म्हणतंय. पण ती पिण्यामुळे चांगली झाली की पिऊनही चांगली झाली, हे कसं कळणार? आधी कोणी दुसरा टेक मागितलाच नसावा.

ब्लू_नोट:

मी जाझवाला, मला सैगलपेक्षा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर जवळचा. २९ जुलै १९४६, हॉलिवूड, डायल नावाच्या कंपनीसाठी सेशन. हेरॉइन मिळत नव्हतं म्हणून व्हिस्कीवर चाललं होतं, उभं राहता येत नव्हतं. 'लव्हर मॅन' ऐका, पियानो वाट बघतोय आणि सॅक्सोफोन येतच नाही, उशिराने येतो, मग माइकपासून लांब जातो परत येतो. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीला आग लागली, अटक झाली, पुढचे सहा महिने कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात. कंपनीने तो टेक बाजारात आणला आणि पार्करच्या मनात तो राग कायम राहिला. आता गंमत अशी की आजही काही जाझवाले तो टेक डोक्यावर घेऊन नाचतात, म्हणतात बघा काय वेदना आहे. अरे वेदना आहेच, तो माणूस समोर कोसळतोय. मला तो टेक पूर्ण ऐकवत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने प्रश्न दारूचा नाहीच. स्टेजवर पिऊन वाजवलं तर सकाळी विसरलं जातं. रेकॉर्डिंग राहतं. शुद्धीत नसलेल्या माणसाकडून सही घेत नाही आपण, मग टेक का घ्यायचा? आणि घेतलाच तर दुसऱ्या दिवशी त्याला ऐकवून, तो हो म्हणाला तरच ठेवायचा.

फेडर_खाली:

@ब्लू_नोट तत्त्वाला शंभर मार्क. पण दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टचे पैसे कोण देणार, मंडळ? 😀

कोरसमधली_तिसरी:

सगळे लय आणि घिस्सा बोलताय म्हणून एक बाई म्हणून लिहिते. मी कोरस आणि डबिंग करते. बूथ साउंडप्रूफ असतो, हे कोणाच्या डोक्यात येतंय का? आठ बाय सहाची खोली, दार आतून दाबून बसवलेलं, लाइट मंद, एकच माइक म्हणून खेटून उभं राहायचं, आणि शेजारचा माणूस लावून आलेला. टॉकबॅक (बूथ आणि बाहेरच्या खोलीत बोलण्या-ऐकण्याची सोय) चालू असेल तरच बाहेर कोणाला ऐकू जाणार. एकदा असंच झालं, कुठे ते सांगत नाही, दोन ओळींच्या मधे खांद्यावर हात, मग पाठीवर, मी काचेतून बघतेय तर रेकॉर्डिस्ट मान खाली घालून स्क्रीनमध्ये. टेक संपल्यावर म्हणतो, "मॅडम, तुमचा सूर थोडा हलला". मी पैसे न घेता निघाले आणि त्या ग्रुपमधून मला पुढे फोन आला नाही. त्या माणसाला येतो.

थापतोडा दादा, क्लिक आवडत नाही, गायकांना वेगळा न्याय, सगळं मान्य. पण वास आला तर शिफ्ट बंद हा नियम असलेला एक तरी स्टुडिओ शहरात आहे हे वाचून मला बरं वाटलं.

थापतोडा:

@कोरसमधली_तिसरी ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो माणूस प्यायलेला नसता तरी नालायकच होता असं म्हणणार होतो, पण त्याने तुमचं काही हलकं होत नाही. राहू दे.

रिकामा_कोट:

कायद्याचं एक टाकून जातो. दारू आपल्या जागी, पण स्टुडिओच्या टॉयलेटमधून गांजाचा धूर येत असेल आणि मालक "कलाकार आहेत, चालायचंच" म्हणत असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम २५ वाचा. आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला तर मालकही आत. "मी फक्त माइक लावत होतो" चालत नाही.

सहा_वर्षं_कोरडा:

मी कीबोर्ड वाजवतो. नावावरून कळलंच असेल, मी तो पिऊन येणारा माणूस होतो. तुम्ही सगळे बाहेरून लिहिताय म्हणून आतलं लिहितो.

शेवटची दोन वर्षं मी सकाळी न घेता गेलो तर बोटं थरथरायची, सस्टेन पेडलवर पाय टिकायचा नाही. ९० एमएल घेतली की हात स्थिर. म्हणजे जे रेकॉर्डिस्ट म्हणायचे "आज शुद्धीत आलाय, चांगलं", त्या दिवशी मी सगळ्यात वाईट वाजवायचो. त्यामुळे "थोडी घेतली की हा बरा वाजवतो" हे जे म्हणतात ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ दारूने कला येते असा नाही, त्याचा अर्थ माणूस आजारी आहे असा आहे. आणि असा माणूस एकदम बंद केला तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं, म्हणून "उद्यापासून कोरडा ये" असा दम देऊ नका. डॉक्टर लागतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, मी तिथूनच उभा राहिलो.

धागाकर्त्यांचा नियम बरोबर, फक्त पैसे हातात देऊ नका. मला अशी अर्धी शिफ्ट तीनदा मिळाली. तिन्ही वेळा रिक्षा घरी गेली नाही. घरच्यांच्या खात्यावर टाका नाहीतर दुसऱ्या दिवशी द्या. आणि बाइकची किल्ली काढून घ्या, तेवढ्यासाठी भांडण झालं तरी चालेल.

दोन_खोल्या_स्टुडिओ:

@सहा_वर्षं_कोरडा हातात पैसे देणं हा मला माझा मोठेपणा वाटत होता. बदलतो. गच्चीलाही कुलूप आणलं. बूथमध्ये कोणीही असलं की टॉकबॅक उघडाच ठेवायचं ठरवलंय, @कोरसमधली_तिसरी तुम्ही कधी आलात तर दारही उघडं ठेवू, रिक्षाचा हॉर्न आला तर आला.

आता अपडेट. त्याच ढोलकीवाल्या दादांना परवा फोन केला, म्हटलं दुसरं गाणं आहे, सकाळी ११ ला या. आले. वास नाही, हात स्थिर, जरा गप्प होते. थापतोडांचं ऐकून क्लिक काढला, गायिकेचा कच्चा ट्रॅक आणि तंबोरा एवढंच कानात दिलं. तिसऱ्या टेकला ओके. तोडा असा आला की काचेच्या अलीकडे माझ्या हातातला चहा तसाच राहिला. एडिटिंग शून्य.

थापतोडा:

घ्या!! म्हणजे क्लिकच होता. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणत होतो?

फेडर_खाली:

अहो कसला क्लिक, दोन गोष्टी एकदम बदलल्या ना. दारूही गेली आणि क्लिकही गेला. कशाने झालं ते कसं कळणार?

थापतोडा:

मग सोपं आहे. धागाकर्ते, त्यांना एकदा संध्याकाळी सहाला बोलवा, कोरडे, आणि क्लिक लावून वाजवायला सांगा. होऊन जाऊ दे फैसला.

दोन_खोल्या_स्टुडिओ:

सहाला कोरडे मिळत असते तर हा धागा काढला असता का?