मदत हवी आहे: बिझनेस एथिक्सचा प्रोजेक्ट, कंपनीची नैतिक जबाबदारी नेमकी कोणाच्या नावावर लिहायची?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, जवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला, म्हणजे सामान देणाऱ्या विभागात, आहे आणि सोबत डिस्टन्सनं एमबीए करून राहिले. शेवटच्या सेमला बिझनेस एथिक्सचा प्रोजेक्ट आहे, विषय मीच मागून घेतला, कंपन्यांची नैतिक जबाबदारी. महिनाभर वाचून झालं, वही भरली, पण लिहायला बसलं की एकाच जागी अडकते. कॉमर्सवाले, एचआरवाले, वकील, कोणीही असाल तर प्लीज सांगा.

अडकते कुठे ते आधी सांगते. आमच्याकडे प्रेस शॉप आहे, पत्र्याचे पार्ट निघतात. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बर राहते, ब्लेडसारखी धार असते तिला. परमनंट लोकांना महिन्याला दोन जोड चामड्याचे हँडग्लोव्हज मिळतात, मीच इश्यू करते, रजिस्टरवर सही घेते. ठेक्यावरच्या लोकांना स्टोअरमधून द्यायचे नाहीत, कारण ते ठेकेदारानं द्यायचे असं वर्क ऑर्डरमधे लिहिलं आहे. ठेकेदार एकदा देतो, मग तीन महिने देत नाही. ठेक्यावर एक काका आहेत, पन्नाशी पार केलेले, ते स्क्रॅपच्या ड्रममधून परमनंटवाल्यांनी टाकलेले ग्लोव्हज उचलतात. उजव्या हाताचा आधी फाटतो म्हणून ड्रममधे डाव्या हाताचेच बरे सापडतात, तर काका डावा ग्लोव्ह उलटा करून, आतली शिवण बाहेर काढून, उजव्या हातात घालतात. स्टोअरच्या खिडकीतून मला हे रोज दिसतं, आणि माझ्या मागच्या रॅकवर नवीन जोड पडलेले असतात.

मागच्या महिन्यात त्यांचा अंगठा चिरला, चार टाके पडले. त्याच आठवड्यात कंपनीनं जवळच्या गावातल्या शाळेत सीएसआरमधून, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चातून, पाण्याचा फिल्टर बसवला, फोटो काढायला मीच गेले होते. फिल्टर खरंच गरजेचा होता, पोरं ओंजळी लावून प्यायली, मलाही बरं वाटलं, त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण त्याच रात्री वहीत 'सामाजिक जबाबदारी' असं हेडिंग टाकलं आणि पुढे काही सुचेना.

कंपनी कायदा २०१३ चं सीएसआरवरचं कलम १३५ वाचलं. नेटवर्थ (देणी वजा करून उरलेली मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता केलेला खर्च त्यात धरत नाहीत आणि ते मला पटतं, कामगाराच्या हातातला ग्लोव्ह काही दान नाही. पण म्हणजे हा सगळा हिशोब नफा झाल्यानंतरचा आहे ना, नफा होताना कोणाचा हात चिरला त्याचा हिशोब या २ टक्क्यांत कुठेच येत नाही. आमच्या नोट्समधे मात्र सीएसआर म्हणजेच नैतिकता असं धरून पूर्ण युनिट संपवलंय.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचा कंपनीच्या सामाजिक जबाबदारीवरचा १९७० चा लेख पण वाचला. ग्रुपवर सगळे त्याला 'नफा एके नफा' म्हणून कोट करतात, पण समाजाचे मूळ नियम पाळून, कायद्यातले आणि नैतिक रूढीतलेही, अशी अट त्यानंच घातली आहे, ती कोणी सांगतच नाही. मॅनेजमेंटचे अभ्यासक कॅरोल यांचा कंपनीच्या जबाबदाऱ्यांचा १९९१ चा पिरॅमिड घेतला तर खाली आर्थिक, मग कायदेशीर, मग नैतिक आणि सगळ्यात वर परोपकार. फिल्टर वरच्या मजल्यावरचा झाला आणि ग्लोव्ह खालच्या. खालचा मजला कच्चा ठेवून वर रंग देऊन राहिलो आपण, असं मला वाटतं.

आणि उदाहरण लांब शोधायला नको, आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचं, कापडाच्या गिरणीचंच बघा. १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केली, १८८६ ला पेन्शन फंड आणि १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई. कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ ला, म्हणजे २८ वर्षांनी! गिरणीतलं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणत नाही, पण कायदा नव्हता तेव्हा कोणीतरी हे आपलं काम मानलं. आज तिथे मॉल आहे, बर्डीला (सीताबर्डीला) जाता येता दिसतो, आणि आता दरवेळी मला काकांचा अंगठा आठवतो.

तर माझा प्रश्न असा की जबाबदार कोण लिहू? कंपनी म्हणून काही 'कर्ता', म्हणजे स्वतः ठरवून वागणारा आणि म्हणून जबाबदार, असतो का, की शेवटी माणसंच? तत्त्वज्ञ पीटर फ्रेंचनं १९७९ ला मांडलंय की कंपनीची स्वतःची निर्णय घ्यायची रचना असते म्हणून तिला नैतिक कर्ता मानता येतं. पण मग आमचं परचेस (खरेदी विभाग) म्हणतं बजेट नाही, एचआर म्हणतं ठेकेदाराचं काम, ठेकेदार म्हणतो रेट परवडत नाही, आणि खिडकीत मी बसली आहे, माझं काय? कंपनीला कर्ता म्हटलं की माझा वाटा निघून जातो का? मला तसं लिहायचं नाहीये.

प्रतिसाद:
ताई, मी एचआरमधून रिटायर झालोय, हिंगण्याला होतो. 'ठेकेदाराचं काम' हे उत्तर कायद्यानंही कधी पूर्ण मानलं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीनं, द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची असं होतं. त्याच कंपनी कायद्याचं कलम १६६ पण बघा, संचालकांनी भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचं हित बघायचं असं त्यात चक्क लिहिलंय. तुमच्या प्रोजेक्टला १३५ पेक्षा हे जास्त कामाचं. आणि दोघांपैकी एक निवडायची गरज काय? नियम कंपनीनं केला, तो कंपनीच्या नावावर. नियम चुकतोय हे ज्याला रोज दिसतं त्याचं काम ते कागदावर आणायचं. तोंडी सांगू नका, इंडेंट (सामानाचं लेखी मागणीपत्र) टाका.

धागाकर्ती:
काका, खूप आभार, १६६ बद्दल आमच्या नोट्समधे एक ओळ नाही. सोमवारी इंडेंट टाकला, ठेक्यावरच्या लोकांसाठी २४ जोड, खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापावा असा शेरा लिहून. परत आला, 'धोरणात बसत नाही' म्हणून. मी झेरॉक्स ठेवली आणि सेफ्टी कमिटीच्या मीटिंगमधे घ्या म्हणून पुन्हा पाठवला, यावेळी चार टाक्यांची तारीख टाकून.

अंगठावाल्या काकांना विचारलं की प्रोजेक्टमधे तुमच्याबद्दल लिहू का. नाव नको लिहू बेटा म्हणाले, पण ग्लोव्हचं लिही. कंपनीचं नावही टाकत नाहीये.

सबमिशन २० तारखेला आहे. एक चॅप्टर गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेवर टाकायचाय, कमावलेलं आपलं नाही, आपण फक्त सांभाळणारे, ही कल्पना ठेकेदारीला कशी लावायची यावर विचार सुरू आहे. येत्या रविवारी सेवाग्रामला जाऊन येते. या विषयावर मराठीत सोप्या भाषेतलं काही वाचलं असेल कोणी तर नक्की सांगा.