मदत हवी आहे: भुंकणं, येणं, बसणं, खाऊ ही साखळी कुत्र्याला मीच शिकवलीय का? आता तोडू कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात डिचोलीजवळ एका गावात राहतो. आमचा ब्राऊनी दीड वर्षाचा, गावठीच आहे, गेल्या पावसाळ्यात गेटपाशी भिजत बसला होता तेव्हापासून आमचाच.

सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवरून येतो, त्याच्या हॉर्नचं पों पों ऐकलं की हा धावत गेटावर आणि भुंकायला सुरुवात. मी 'ब्राऊनी, ये' म्हणायचे, तो यायचा, 'बस' म्हटलं की बसायचा आणि मी गरम उंड्याचा (गोल पावाचा) तुकडा द्यायचे. मला वाटायचं, ये आणि बस किती छान शिकला. आता दोन महिन्यांनी बघते तर तो हाकेची वाटच बघत नाही, हॉर्न वाजला की गेटावर जातो, चार-पाच वेळा भुंकतो, आपणच वळून येतो, समोर बसतो आणि नजर माझ्या उजव्या हातावर. परवा दुपारी तर हॉर्नही नव्हता, मी आदोळीवर नारळ खोवत होते, हा उठला, रिकाम्या रस्त्याकडे बघून भुंकला आणि येऊन बसला!

थोडं वाचलं तेव्हा कळलं की याला बिहेवियर चेन म्हणतात, शेवटी मिळणारा खाऊ नुसत्या बसण्याला मिळत नाही, आधीच्या सगळ्या कड्या त्याने पक्क्या होतात. आणि 'ये' ऐकलं की खाऊ येणार हे त्याला माहीत, मग भुंकल्यावर मी हाक मारते तेच त्याचं बक्षीस. वाचून फार वाईट वाटलं.

पण खाऊ बंद करायची भीती वाटते. गेटाबाहेर अरुंद रस्ता, त्यावरून रेंटच्या गाड्या सुसाट जातात. डिसेंबरात एकदा गेट उघडं राहिलं, हा रस्त्याच्या मधोमध, मी जीव खाऊन 'ये' ओरडले आणि तो वळला. ती हाक मला गमवायची नाही. भुंकणं तेवढं सुटेल आणि 'ये' राहील असं काही करता येतं का?

प्रतिसाद १
ताई, 'ये' वरचा खाऊ अजिबात बंद करू नका, हाकेची वेळ बदला. लांबून हॉर्न आला की तो आधी कान टवकारतो, भुंकतो नंतर, त्या एक-दोन सेकंदांत 'ये' म्हणा आणि आल्या आल्या तुकडा द्या. हळूहळू हॉर्न ऐकून तो गेटाऐवजी तुमच्याकडे पळेल. वेळ चुकली आणि भुंकलाच, तर बोलवा, शाबासकी द्या, पण तुकडा लगेच नको, विहिरीपर्यंत चालवत न्या, दोन-तीन सोप्या गोष्टी करून घ्या आणि मग द्या, म्हणजे भुंकणं आणि खाऊ यात अंतर पडतं. शिवाय दिवसभरात तो शांत लोळत असताना आठ-दहा वेळा 'ये' म्हणून द्या, नाहीतर ही हाक भुंकण्यालाच चिकटून राहील.

अजून एक. पोदेर पाव देऊन जातोच, पण ब्राऊनीला वाटतं मी भुंकलो म्हणून गेला. हे बक्षीस तुमच्या हातात नाही, म्हणून काही दिवस त्या वेळेला त्याला गेटावर जाऊच देऊ नका, मागच्या पडवीत साखळीला बांधून तुम्ही सोबत बसा. आपणहून भुंकून येऊन बसला तर काहीच देऊ नका. आधी भुंकणं वाढेल, तेव्हा कंटाळून दिलंत तर जास्त वेळ भुंकलं की मिळतं हे शिकेल. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

धागाकर्ती
खूप खूप आभार! घरात विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, तो भुंकून आला की मी चहात बुडवून बिस्कीट देते, गुणाचा बसतो म्हणून. त्यांना समजावलंय. वरच्या वाड्यावरचा हॉर्न पडवीत नीट ऐकू येतो, उद्या तुकडे करून आधीच बसते तिथे. पण मासेवाला स्कूटरवरून हॉर्न मारत येतो त्याची वेळच ठरलेली नसते, त्याचं कसं करू?