हेरांची उपकरणं: पडद्यावरची भारी की खरी?

कुतूहल:
बॉण्डपटातली ती सीट उडवणारी ॲस्टन मार्टिन गाडी परवा पुन्हा पाहिली. माझं स्पष्ट मत आहे की हेरांच्या उपकरणांबाबत सिनेमानं आपली पार दिशाभूल केली. पडद्यावरची वस्तू डोळ्यांत भरावी म्हणून बनवतात, खरी वस्तू मात्र कुणाची नजरही तिच्यावर ठरू नये म्हणून.

१९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. राजदूतांच्या निवासस्थानी ते सात वर्षं भिंतीवर होतं. आत दडवलेल्या, चोरून ऐकणाऱ्या उपकरणाला बॅटरी नाही, वायर नाही. धातूची छोटी डबी, तिला पातळ पडदा आणि एक अँटेना, बस्स. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या बोलण्यानं थरथरणारा पडदा ते बोलणं परतणाऱ्या लहरींवर चढवायचा. लहरी थांबल्या की उरायचं नुसतं लाकूड! बनवणारा लेव थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचा जनक. १९५२ मध्ये ते उपकरण सापडलं. याच्यासमोर उडणारी सीट मला पोरखेळ वाटते.

रानवारा:
अजिबात पटलं नाही. खरी हेरखातीही कमी अचाट नाहीत. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयएनं १९७०च्या दशकात हुबेहूब चतुर या किड्यासारखं दिसणारं उडतं यंत्र केलं होतं, संभाषण टिपायला. आणि १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर बल्गेरियन लेखक मार्कोव्ह यांच्या मांडीत काहीतरी टोचलं. वळून पाहतात तर एक माणूस छत्री उचलत होता. चार दिवसांनी ते गेले. शरीरात सापडली टाचणीच्या डोक्याएवढी गोळी, विष एरंडाच्या बियांतलं. कादंबरीत वाचलं असतं तर तुम्हीच ‘काहीही!’ म्हणाला असतात.

कुतूहल:
पण तो चतुर वाऱ्यापुढे टिकेना, म्हणून प्रकल्पच गुंडाळला. दिखाऊ वस्तूचं असंच होतं.

सांजवेळ:
दोघंही वस्तूंवरच अडकलात, माणूस राहिलाच. मॉस्कोतला अभियंता तोल्काचेव्ह रडारची गुप्त कागदपत्रं अमेरिकेला पुरवायचा. सीआयएनं त्याला चिमुकले कॅमेरेही दिले होते, पण भरपूर काम झालं ते साध्या ३५ मिमी पेंटॅक्सवर. जेवणाच्या सुट्टीत कागद घरी न्यायचे, कॅमेरा खुर्चीच्या पाठीला क्लॅम्पनं अडकवायचा, पानामागून पान टिपायचं आणि कागद जागेवर परत. विचार करा, रोज त्या दारातून आत जाताना छातीत काय होत असेल! १९८५ मध्ये तो पकडला गेला, तोही सीआयएतून काढलेल्या माणसाच्या फितुरीमुळे. पुढच्या वर्षी देहदंड. यात कुठलं उपकरण कामी आलं असतं?

रानवारा:
सांजवेळ, तोल्काचेव्हपुढे हात जोडते. तरी ‘दिशाभूल’ हा शब्द मला मान्य नाही. बॉण्डचा जनक फ्लेमिंग स्वतः महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर विभागात होता. त्याच काळात ब्रिटनमध्ये सैनिकांसाठी होकायंत्र दडवलेली बटणं बनत होती. त्यांतल्या काहींचे आटे उलटे होते. शंका येऊन शत्रूच्या पहारेकऱ्यानं नेहमीसारखं फिरवलं की बटण आणखी घट्ट बसायचं. अशी डोकी ज्यानं जवळून पाहिली, तो साधी गाडी कशी लिहील?