केबीसी प्ले अलाँग: टीव्हीवर प्रश्न येईपर्यंत फोनवर वेळ संपलेली असते, काही उपाय?

कोरेगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी, प्रश्न आईसाठी विचारतोय. आई ३१ वर्षं अंगणवाडीत होती, आता रिटायर झालीय. रात्री ९ ला केबीसी लागलं की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही हा नियमच आहे. २०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे १ कोटी जिंकल्या ना, शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना १५०० मानधन, तो एपिसोड आईनं डोळ्याला पदर लावून बघितला होता आणि दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही आणायला लावली. त्यात नद्या, राज्यपाल, पुरस्कार, कुठला खेळाडू कुठल्या गावचा, सगळं लिहून ठेवते. आता तिला फोनवर प्ले अलाँग, म्हणजे टीव्हीवरच्याच प्रश्नांना ॲपवर उत्तर द्यायचा खेळ, खेळायचाय, मी ॲप टाकून दिलं, शिकवलं पण. अडचण अशी की फोनवर प्रश्न आधी येतो, आई म्हणते थांब बच्चनसाहेबांना वाचू दे, आणि टीव्हीवर प्रश्न येईपर्यंत फोनवर वेळ संपलेली असते. परवा गोदावरीच्या उगमाचा प्रश्न होता, त्र्यंबकेश्वर तिच्या ओठावर होतं, बोट स्क्रीनच्या वर तसंच धरलेलं, आणि प्रश्न बंद. तिला वाटतंय तिचाच हात हळू चालतो. ‘वय झालं रे आता’ म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मला ते फार लागलं. नेट चांगलं आहे, फोनही नवा आहे. काय करू?

पेठेतला_रेडिओ
आईला आधी सांग की हात हळू नाहीये. आमच्या वाड्यात मॅच असली की शेजारच्यांकडे आधी आरडाओरडा होतो आणि आमच्याकडे बॉलर अजून रनअप घेत असतो, हे तेच आहे. सिग्नल प्रत्येकाकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो.

प्लेआउट_नाइटशिफ्ट
मी ब्रॉडकास्टमध्ये १२ वर्षं आहे (कुठे ते विचारू नका), जरा सविस्तर सांगतो. दादा, पहिला प्रश्न, तुमचा टीव्ही चालतो कशावर, डिश, केबल की वायफायवर? सगळा फरक तिथेच आहे. लोकांना वाटतं उपग्रह लांब आहे म्हणून उशीर होतो, पण उपग्रह ३६,००० किमीवर असला तरी वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंदच लागतो. खरा वेळ जातो चॅनेलकडे चित्र दाबून लहान करण्यात, मग केबलवाल्याच्या हेडएंडला (जिथून तो सगळे चॅनेल घरोघरी सोडतो) परत प्रोसेस होण्यात, मग तुमच्या सेट टॉप बॉक्समध्ये. हे सगळं धरून काही सेकंद. पण तोच चॅनेल इंटरनेटवरून बघितला तर चित्राचे तुकडे करून पाठवतात, बऱ्याचदा ६-६ सेकंदांचे, आणि प्लेअर असे दोनतीन तुकडे हाताशी जमवल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही, म्हणजे १२-१८ सेकंद तिथेच गेले, कधी जास्तच. फोनवरच्या प्रश्नाला मात्र चित्र न्यायचं नसतं, चार ओळींचा मजकूर, तो पटकन येतो. एपिसोड आधीच शूट झालेला असतो पण प्ले अलाँगचा प्रश्न टेलिकास्टच्या वेळेवर उघडतो आणि ठरलेल्या वेळेला बंद होतो, तुमच्या घरी चित्र कधी पोचलं हे त्याला माहीत नसतं.

आणखी एक. रेकॉर्डिंगवाला बॉक्स असेल आणि मध्ये कुणी पॉज केलं असेल, फोन आला, दार वाजलं वगैरे, तर पुढे सगळा एपिसोड तेवढाच मागे राहतो. चॅनेल बदलून परत या, लाइव्ह होतं.

म्युनिकची_वहिनी
इथे जर्मनीत ‘क्विझडुएल’ नावाचा शो २०१४ मध्ये सुरू झाला, स्टुडिओतल्या टीमविरुद्ध ॲपवरून सगळा देश खेळणार अशी कल्पना, आणि पहिल्याच लाइव्ह एपिसोडला ॲपच चाललं नाही, मग स्टुडिओतल्या प्रेक्षकांनाच देशाच्या वतीनं खेळायला लावलं! एवढी मोठी यंत्रणा असून असं होतं, तेव्हा आईंनी स्वतःला अजिबात दोष देऊ नये. मी पण आईबाबांना व्हिडिओ कॉल लावून केबीसी बघते, माझ्याकडे स्ट्रीम त्यांच्या बराच मागे असतो, बाबा उत्तर आधीच ओरडून टाकतात, मग मी आवाज बंद करून फक्त त्यांच्याकडेच बघत बसते.

सुमनकाकू_नाशिक
अरे बाळा, आईला सांग प्रश्न फोनवरच वाचायचा, तिथेच उत्तर द्यायचं, आणि बच्चनसाहेबांचं नंतर निवांत ऐकायचं. मी तसंच करते. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. आणि एक महत्त्वाचं, तिच्या व्हॉट्सॲपवर लक्ष ठेव. केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली म्हणून मेसेज फिरतात, बच्चनसाहेबांचा फोटो, शिक्का, सगळं असतं, नंबर बहुतेक +९२ नं (पाकिस्तानचा कोड) सुरू होतो, आणि मग टॅक्स म्हणून आधी पैसे भरा म्हणतात. माझ्या जावेनं १८ हजार घालवले आणि चार महिने घरात कुणाला बोलली नाही. पोलीस इतक्या वेळा सांगून दमले, तरी माणसं फसतात, कारण जी रोज मनापासून खेळते तिला ते खरं वाटतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, लाजायचं नाही.

कोरेगावचा_पोरगा
सगळ्यांचे खूप आभार. प्लेआउटदादा, तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि उठून बघितलं, तर टीव्ही वायफायवरच होता. दिवाळीत दाजींनी नवीन कनेक्शन बसवून दिलं तेव्हा डिशचा बॉक्स काढून माळ्यावर टाकला होता, माझ्या लक्षातच नव्हतं. काल बॉक्स खाली काढला, पुसला, छत्री अजून गच्चीवर होतीच, रिचार्ज मारला. रात्री फोन आणि टीव्हीत फरक राहिला दोनतीन सेकंदांचा. काकू, लॉटरीचं पण आईला समोर बसवून सांगितलं, तर म्हणाली मला आलेला तो मेसेज, मी कधीच उडवला.

काल ११ प्रश्न खेळली, ८ बरोबर. चुकलेले तीन रात्रीच वहीत लिहिले, लाल पेननं. आत्ता विचारत होती हॉट सीटसाठी नाव कधी नोंदवायचं असतं.